बापू सरांचं शिबिर आणि अण्णांची इमारत

शिबिर संपल्यावर सतरंज्या झटकायचं काम कुणालाच नको असतं. मला आवडतं. दोघांनी चार टोकं धरायची, जोरात हिसका द्यायचा, की माती, शेंगांची टरफलं, एखादी हेअरपिन यांच्याबरोबर एक किस्साही खाली पडतो. "अरे, हीच ती सतरंजी, जिच्यावर बाईंनी उडी मारली होती..." असं कुणीतरी म्हणतं आणि काम थांबतं. सतरंज्या दरवर्षी विरत चालल्यात. किस्से मात्र वाढतायत, आणि सांगणारा बदलला की जरा जाडही होतायत!

ज्यांना आमचं शिबिर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेणापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक शाळा आहे. लातूरच्या भूकंपानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी मुलं भर उन्हात करणार काय, म्हणून तिथं मुलांचं शिबिर सुरू झालं. मदतीला आलेले बाहेरचे लोक आपापली कामं आटपून गेले. शिबिर राहिलं. ते तीन माणसांमुळे राहिलं, आणि या तीन माणसांच्या हातात असूनही राहिलं!

पहिले बापू सर. निलंग्याचे, पी.टी.चे निवृत्त शिक्षक, आमचे शिबिरप्रमुख. दुसऱ्या वैजयंता बाई, लातूरच्या. प्रार्थना, गाणी, स्वयंपाकघर आणि संस्कार ही चार खाती त्यांच्याकडे. तिसरे मोईन सर, नांदेडचे. घरचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, नोकरी ड्रॉइंग टीचरची, आणि शिबिरात चित्रं, पतंग, नाटुकली. चौथी मी. शाळा डेहराडूनला, कॉलेज दिल्लीला, आणि मराठवाड्यातलं बालपण वाचवायचंच असं ठरवून परत आलेली.

मी आले तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. सातवीतल्या पोरांसाठी मे महिन्यात 'फाउंडेशन बॅच' निघाल्या होत्या. शाळेचे संस्थाचालक अण्णा. तयारीच्या बैठकीत ते स्पष्टच बोलले.

"बापू, क्लासवाले इमारत मागून राहिले. यंदा करा तुमचं शिबिर. पुढच्या उन्हाळ्यात इमारत तुम्हाला द्यायची का त्यांना, ते समारोपाला येऊन सांगतो."

मी तावातावानं उभी राहणार, तेवढ्यात बापू सरच उभे राहिले.

"हाव अण्णा. तुमचं बरोबर हाय अण्णा."

"अहो, मी अजून काही ठरवलं नाही."

"तेच बरोबर हाय अण्णा!"

असे आमचे सेनापती. आणि लढाई होती शिबिर वाचवायची!

*

माझी पहिली सुधारणा म्हणजे नंबर बंद. मुलांमध्ये स्पर्धा नको, तुलना नको, सगळ्यांचा पहिला नंबर. मी यावर बैठकीत बराच वेळ बोलले. बापू सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "लई भारी इचार हाय! आजवर जेवढे इचार आले, त्यात ह्याचा पयला नंबर!"

मातीकामाचा दिवस झाला. मोईन सरांनी सुंदर अक्षरांत प्रत्येक मुलाला 'प्रथम क्रमांक' लिहून दिलं. रविवारी पालक भेटायला आले. एक वडील आपल्या मुलाचं प्रशस्तिपत्रक घेऊन बापू सरांपुढे उभे राहिले.

"सर, आमच्याचा पयला आला."

"अभिनंदन!"

"पर आमच्या शेजाऱ्याच्या पोराचा बी पयलाच आला."

"हाव. सगळ्यांचा पयलाच हाय. नवीन पद्धत हाय, दिल्लीची."

वडिलांनी कागद उलटा करून पाहिला. मागं टक्केवारी वगैरे काही नव्हती. मग आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, "मंग सर, आमचा कितवा पयला?"

मी पुढे होऊन समजावणार होते. बापू सरांनी मला हातानं थांबवलं, वडिलांच्या खांद्यावर हात टाकला, त्यांना लिंबाखाली नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं. वडील एकदम खूश! दुसऱ्या पालकांना नेलं, तेही खूश. तिसऱ्या बाई तर डोळे पुसत परत आल्या.

संध्याकाळी मी विचारलं, "सर, तुम्ही सांगत काय होता त्यांना?"

"काही न्हाई ओ ताई. सगळ्यांचा पयला हाय, पर तुमच्या लेकराचा जरा जास्त पयला!"

*

दुपारच्या जेवणानंतर आमच्याकडे मौन असतं. ही बाईंची परंपरा. तासभर कुणी बोलायचं नाही. बोलला की त्यानं संध्याकाळी सगळं अंगण झाडायचं. बाई स्वतः मौन फार कडक पाळतात. फक्त त्यांचे हातवारे इतके जोरदार असतात की त्या गप्प असताना मुलं जास्त घाबरतात.

एकदा असंच मौन चालू होतं. मुलं सतरंज्यांवर आडवी पडलेली. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अचानक त्या ताठ झाल्या आणि समोरच्या सतरंजीकडे बोट दाखवून हात नाचवायला लागल्या. दोन बोटं वाकडी केली, मग पाठीमागून हात वर आणून कपाळापाशी आकडा केला.

मुलांना वाटलं, नवीन खेळ! सगळी उठून बसली. बोलायला बंदी, म्हणून तीही हातवारे करून उत्तरं द्यायला लागली. एकानं खेकडा करून दाखवला. एकानं हत्तीची सोंड केली. एकीनं पोट पुढं काढून, मिशीला पीळ देऊन चक्क अण्णा करून दाखवले. बाईंनी कपाळावर हात मारला. बापू सरांनी ओळखलं. धावत गेले आणि बाईंना तांब्याभर पाणी आणून दिलं.

शेवटी बाईंनी जागेवरून सतरंजीवर उडी मारली आणि ओरडल्या, "अरे मुडद्यांनो, विंचू हाय विंचू! सरका!"

विंचवाचा बंदोबस्त झाला. संध्याकाळी बाई स्वतःहून झाडू घेऊन अंगणात आल्या. नियम म्हणजे नियम! मला भरून आलं. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "बाई, मौनात 'मुडद्या' म्हणलेलं चालतं का?"

बाईंनी जरा विचार केला. "विंचू असला तर चालतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मौन सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील. प्रत्येक खोलीत विंचू निघाला!

*

बाईंचा दुसरा कायदा पानात टाकायचं नाही हा. वाढलेलं संपवायचं, मग ते कारलं का असेना. या विषयावर बापू सरांचं रोज सकाळी छोटं भाषण असतं. शेतकरी, घाम, अन्नाचा कण न् कण.

आता, बापू सरांना कारलं अजिबात चालत नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं. कारण त्यांच्या पानात कारलं कधी उरलेलं दिसलंच नाही! उलट बाई त्यांच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगायच्या, "बघा, सरांचं पान कसं लख्ख हाय. शिका!"

एकदा कारल्याच्या जेवणानंतर संध्याकाळी खेळाच्या वेळी मुलं मैदानावर जमली. बापू सरांनी सदऱ्याच्या खिशातून शिट्टी काढली, तोंडात धरली आणि फुंकली. फुस्स. पुन्हा फुंकली. फुस्स. मुलं हसायला लागली. सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जोर लावला.

शिट्टीतून एक हिरवा तुकडा सुटला आणि नेमका बाईंच्या पायाशी पडला.

बाई वाकल्या. उचलून पाहिला. मग सरांच्या खिशाकडे पाहिलं. खिसा चांगलाच फुगलेला होता.

"सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "कण न् कण."

बापू सरांनी सगळ्या शिबिरासमोर उभं राहून खिसा संपवला!

*

हा किस्सा माझ्या आधीचा आहे. मोईन सर सांगतात. मला तो सांगताना ते माझ्याकडे जरा तिरपं बघत होते, असं मला वाटलं.

शिबिराचं पहिलंच वर्ष. मोठ्या शहरातून एक ताई आल्या होत्या. मुलांच्या मनावर भूकंपाचा काय परिणाम झाला ते चित्रांतून बघायचं होतं त्यांना. मनापासून काम करणारी बाई होती, सर म्हणतात. मुलांना रंग दिले, कागद दिले आणि सांगितलं, मनात येईल ते काढा.

पहिल्या दिवशी पोरांनी मनात येईल ते काढलं. बैल, एस.टी., पतंग, जत्रेतला पाळणा. ताईंनी सगळं पाहिलं आणि हळूच बाजूला ठेवलं. एका मुलीनं मात्र पडकं घर काढलं होतं. ताईंनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि पर्समधून चॉकलेट दिलं.

दुसऱ्या दिवशी शिबिरात एकही घर उभं राहिलं नाही!

पडकी घरं, मोडके दरवाजे, रडणाऱ्या आया. तांबडा रंग संपला. ताई चित्रं बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून येत होते. सगळ्यात भीषण चित्र होतं रेणापूरच्या एका पोराचं. त्यात शाळा पडलेली, देऊळ पडलेलं, पाण्याची टाकी पडलेली, चंद्रालाही तडा गेलेला!

मोईन सरांनी त्याला बाजूला घेतलं. "बेटा, तेरा घर तो सलामत है ना?"

"हाव सर."

"फिर ये सब कैकू गिराया?"

पोरगं म्हणालं, "सर, उभ्या घराला त्या ताई काहीच देत न्हाईत!"

*

भूकंपाचा विषय निघालाय तर बापू सरांचाही सांगते. 'संकटात धीर कसा धरावा' असा त्यांचा एक तास असतो. त्यात ते आपली गोष्ट सांगत. पहाटे जमीन हलली. घराची मागची भिंत कोसळली. सर जराही डगमगले नाहीत. सगळ्या कुटुंबाला एकेक करून शिस्तीत बाहेर काढलं. मुलं तोंडाचा आ करून ऐकत.

एका वर्षी नेमक्या त्याच तासाला निलंग्याहून काकू आल्या, म्हणजे सरांच्या पत्नी. सरांचं औषध घरी राहिलं होतं. दारात उभं राहून त्यांनी गोष्ट पूर्ण ऐकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलानं उत्साहानं विचारलं, "काकू, सरांनी तुम्हाला उचलून आणलं का?"

"उचलून?" काकू म्हणाल्या. "बाबा, हे तर सगळ्यात आधी अंगणात! आम्ही आत पत्र्याखाली, अन् हे बाहेरून शिट्टी वाजवून राहिले. दोन-दोनच्या रांगेत या म्हणे! ढकलाढकली करू नका म्हणे!"

मुलं हसून लोळली. बापू सरही हसले, आणि म्हणाले, "पर कुणी ढकलाढकली केली का? न्हाई ना?"

त्या भूकंपानंतर बापू सर कितीतरी दिवस रोज पडलेल्या गावांत माती उपसायला जात होते. धीराच्या तासाला ते यातलं काहीच सांगत नाहीत. मला मोईन सरांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

*

शिबिराची सहल निघते ती निलंग्याला, कारण तिथं बापू सरांची ओळख आहे. कुणाशी, तर सगळ्यांशी! येताना स्टँडवर सर मुलं मोजतात. त्यांची पद्धत ठरलेली. रांग लावायची आणि प्रत्येक डोक्यावर टपली मारत जायचं. नाव विचारायचं नाही, चेहरा बघायचा नाही. आकडा जुळला की डबल बेल.

त्या दिवशी स्टँडवर लग्नाचं वऱ्हाडही टेम्पोची वाट बघत होतं. मुलांचा नुसता गोंधळ. बापू सरांनी टपल्या मारल्या. "आकडा बरोबर! चला!"

संध्याकाळी जेवायला बसलो. आमच्याकडे मुलांच्या गटांना नद्यांची नावं आहेत. पंगतीच्या टोकाला नवे कपडे घातलेला, कपाळाला कुंकू लावलेला एक मुलगा दिसला. बाईंनी विचारलं, "तू कुठल्या गटातला रे? मांजरा का तेरणा?"

"मुलीकडचा," तो म्हणाला.

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मग कोण कमी आहे ते शोधलं, तर आमचा बालाजी नव्हता! बापू सर मात्र पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "पर आकडा बरोबर होता ना!"

फोनाफोनी सुरू झाली, तेवढ्यात दारात एक जीप थांबली. वऱ्हाडातले एक आजोबा बालाजीचा हात धरून उतरले. बालाजीच्या तोंडाला गुलाबजामाचा पाक लागलेला.

"हे लेकरू आमचं न्हाई," आजोबा म्हणाले.

"आणि हे आमचं न्हाई," बाई म्हणाल्या.

अदलाबदल व्हायला हरकत नव्हती. पण मुलीकडचा तो मुलगा, बंटी, जायला तयार होईना. त्यानं खांब धरला. "मी हितंच राहणार. हितं कुणी मला सारखं पाया पड म्हणत न्हाई!"

आजोबांनी दोनदा त्याला ओढून पाहिलं. मग बापू सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "राहू द्या मंग. लग्न आटपेपर्यंत तरी राहू द्या. लई उपकार होतील."

मी चिडले होते. मुलांच्या सुरक्षिततेवर मी सरांना बरंच सुनावलं, आणि सरांनी मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून नावं घेऊन हजेरी सुरू झाली. पण त्याच सकाळी अण्णांचा फोन आला, काय म्हणतंय शिबिर? आणि आमचे प्रमुख ताठ उभे राहून म्हणाले, "प्रतिसाद वाढून राहिला अण्णा! आता तर लग्नघरातून बी लेकरं येऊन राहिली!"

*

शिबिर अर्ध्यावर आलं असताना क्लासचे प्राध्यापक टेप घेऊन वर्ग मोजायला आले. अण्णांनी अजून काही सांगितलं नव्हतं, पण हे बाकं किती बसतील त्याचा हिशोब करत होते. टेपचं दुसरं टोक धरायला त्यांना माणूस हवा होता. बापू सर धावले!

मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत मी क्लासवर बोलले. मग बापू सरांनाही चेव आला. "लेकरांचं बालपण हिसकावून राहिले हे क्लासवाले! उन्हाळा कशासाठी असतो? पोहायला! आंबे खायला! मातीत लोळायला!" टाळ्या पडल्या.

पुढच्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला. "सर, तुमचा नातू शिबिराला का आला न्हाई?"

बापू सर जरा अडखळले. "त्यो? त्यो आजारी हाय."

"मंग क्लासला कसा येतो? माझा भाऊ त्याच्याच बाकावर बसतो."

सभेत अशी शांतता पसरली की बाईंना मौनातही कधी मिळाली नव्हती. मग मोईन सर मागून म्हणाले, "सर, घबराओ नक्को. ये बीमारी तो पूरे लातूर को है!"

मी त्याच दुपारी तिघांना धरून बसवलं. चौकशीत निघालं ते असं. बापू सरांचा नातू फाउंडेशनला. बाईंची मुलगी बारावीच्या बॅचला. मोईन सरांचा मुलगा नांदेडहून खास लातूरला खोली करून राहिलेला. म्हणजे शिबिर चालवणाऱ्यांपैकी एकाचंही मूल शिबिरात नव्हतं!

"मग हे सगळं आपण कशासाठी करतो?" मी जवळजवळ ओरडलेच.

मोईन सरांनी खाली बघितलं. बापू सरांनी वर बघितलं. बाई मात्र तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"अगं, नव्या नव्यात असं होतं तुझ्यासारखं," त्या म्हणाल्या. "संस्कार दुसऱ्याच्या लेकरांवर करायचे असतात. आपल्या लेकरांचे मार्क बघायचे असतात!"

*

आणि आता समारोपाचं सांगते.

आमच्याकडे पाहुण्यांसाठी एक नियम आहे. पाहुण्यानं आधी मुलांबरोबर खेळायचं, मग बोलायचं. एका वर्षी एक पाहुणा उन्हात इतका वेळ बोलला होता की पुढच्या रांगेतली दोन मुलं चक्कर येऊन पडली. तेव्हापासून हा नियम. खेळ ठरलेला, लंगडी. पाहुणा चार उड्या मारतो, फोटो निघतो, बापू सर अंपायर म्हणून हात जोडून "वा साहेब!" म्हणतात आणि भाषण सुरू होतं. आजवर एकही पाहुणा बाद झाला नव्हता. पाय टेकला तरी नाही, बसला तरी नाही!

अण्णा आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बरोबर क्लासचे प्राध्यापक. प्राध्यापकांचा चेहरा इतका आनंदी होता की अण्णा काय सांगणार ते आम्हाला न सांगताच कळलं. पालक बसले होते. मी माझं एक भाषण तयार ठेवलं होतं, आकडेवारीसकट. बापू सर तर एकटेच एकेका वर्गात जाऊन उगीच खिडक्या उघडझाप करून आले होते.

"मी दोन शब्द बोलून निघतो," अण्णा म्हणाले. "पुढं लग्न आहे."

"आधी लंगडी! आधी लंगडी!" मुलांनी गिल्ला केला.

अण्णा हसले. चपला काढल्या. "शाळेत असताना माझ्या पुढं कुणी टिकत नव्हतं बरं का!" असं म्हणून त्यांनी धोतर खोचलं आणि रिंगणात उडी घेतली.

आम्हाला वाटलं, चार उड्या. पण अण्णांनी पहिल्याच झपाट्यात एक मुलगा टिपला. मग दुसरा. पालकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना चढली! "अरे पळा की! पळता येत न्हाई का तुम्हाला?" घामानं सदरा चिकटला, टोपी पडली, तरी गडी थांबेना. तिसरा टिपला, चौथा टिपला. शेवटी रिंगणात उरली एकच, पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेली, काडीसारखी राधा.

राधा हुलकावणी द्यायला लागली. अण्णा डावीकडे, राधा उजवीकडे. बाई बापू सरांच्या मागं येऊन पुटपुटल्या, "सर, ध्यानात ठेवा. इमारत त्यांची हाय."

अण्णांनी झेप घेतली. राधा वाकून निसटली. अण्णांचा तोल गेला आणि वर धरलेला पाय जमिनीवर आला. पूर्ण. पंजा, टाच, सगळं!

सगळ्यांनी पाहिलं होतं. अण्णांनी पाय पटकन वर घेतला आणि बापू सरांकडे बघितलं. बापू सरांनी इमारतीकडे बघितलं. मग राधाकडे. मग त्यांनी हात वर केला.

"बाद!"

"कोण बाद?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही, अण्णा."

"पाय टेकला न्हाई."

"टेकला, अण्णा."

अण्णा अजून एका पायावरच उभे होते. "बापू, तू कुणाशी बोलून राहिलास? ही इमारत कुणाची हाय?"

बापू सरांचा हात वरच होता. "इमारत तुमची हाय अण्णा. मैदान तुमचं हाय. पर पाय टेकला."

"प्राध्यापक!" अण्णा गरजले. "तुम्ही सांगा! टेकला का?"

"छे छे!" प्राध्यापक म्हणाले. "अजिबात नाही साहेब!"

"खोटं! खोटं!" सगळी मुलं ओरडली. पालकांतूनही कुणीतरी ओरडलं. मोईन सर मैदान आखायची फक्की घेऊन रिंगणात गेले, खाली बसले आणि मातीत उमटलेल्या अण्णांच्या डाव्या पायाच्या ठशाभोवती सावकाश, सुबक असा पांढरा गोल काढला. पाट्या रंगवणारा हात. गोल अगदी गोल!

अण्णांनी त्या गोलाकडे पाहिलं. प्राध्यापकांकडे पाहिलं. मग दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, चपला हातात घेऊन, तरातरा गाडीकडे चालू लागले. भाषण नाही, हार नाही, काही नाही. प्राध्यापक मागं धावले, "साहेब, ती घोषणा... साहेब, इमारतीचं..." अण्णांनी त्यांच्या तोंडावर गाडीचं दार लावलं.

बापू सर हात वर करूनच उभे होते. बाईंनी तोंडाला पदर लावला होता.

गाडी फाटकापर्यंत गेली. थांबली. सगळी माती अंगावर उडवत उलटी, मागं मागं, मैदानापर्यंत आली. काच खाली झाली. अण्णांचा चेहरा अजून लालच होता.

"बापू!" अण्णा ओरडले. "पुढल्या उन्हाळ्यात हितंच, ह्याच मैदानावर! अन् अंपायर बाहेरचा आणा!"